वाळवणातली चिप

डोंबिवलीत त्या काळी चार माणसं एका विचाराची निघाली की आधी मंडळ स्थापन व्हायचं आणि विचार मागाहून व्हायचा. आमच्या संगणक मंडळाचं उद्दिष्ट निदान पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं. प्रत्येक सभासदानं घरच्या घरी, आपल्या हातांनी, एक साधा छोटा कॉम्प्युटर बनवायचा. हे उद्दिष्ट इतिवृत्तात लिहून घेतलं गेलं, सर्वांनी त्याखाली सह्या केल्या आणि त्यानंतर जवळपास वर्षभर त्याला कुणी हात लावला नाही.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. पहिली बैठक मंडळाच्या नावात गेली, दुसरी त्या नावाला हरकत घेण्यात. तिसऱ्या बैठकीत अध्यक्ष निवडले. ते निवृत्त मुख्याध्यापक होते आणि त्यांचा कॉम्प्युटरशी संबंध एवढाच की बैठका त्यांच्या हॉलमध्ये व्हायच्या. चौथ्या बैठकीला लेटरहेड आलं, पाचव्या बैठकीला रबरी शिक्का. एकही सुटा भाग विकत घ्यायच्या आधी आमच्याकडे दोन उपाध्यक्ष होते, कारण एकालाच नेमलं असतं तर दुसरा रुसला असता. एक सभासद बँकेत होते. ते आठवडाभर कॉम्प्युटर नको म्हणून दंडाला काळी फीत लावून काम करायचे आणि रविवारी फीत काढून कॉम्प्युटर बनवायला यायचे. त्यांना त्यात काही विसंगती दिसत नव्हती. बँकेतला कॉम्प्युटर माणसाचं काम खातो, असं ते म्हणायचे, आपला काही कामच करणार नाहीये.

शेवटी मंडळ फुटलं ते प्रोसेसरवरून. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, चाळीस पायांची एक काळी पट्टी. दोन कंपन्यांच्या दोन पट्ट्या बाजारात मिळायच्या आणि त्यातली कुठली घ्यावी यावरून आमच्यात दोन तट पडले. दोन्ही तटांनी दोन्हींपैकी एकही पट्टी डोळ्यांनी पाहिली नव्हती, त्यामुळे वाद फार जोमात झाला. एक उपाध्यक्ष दुसऱ्या उपाध्यक्षांच्या मुलीच्या लग्नाला गेले नाहीत. मी मंडळात वयानं सगळ्यात लहान, चोविशीतला, आणि मला हे सगळं बघून संताप आला होता. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी मुंबईला गेलो आणि पहिल्या दुकानात त्या दोनपैकी जी पट्टी मिळाली ती घेऊन आलो.

मला घाई होती. त्या घाईचं कारण ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये होतं. तिथल्या एका कारखान्यात मी टेस्टिंगला होतो. आम्ही स्टॅबिलायझर बनवायचो, फ्रिजच्या आणि टीव्हीच्या मागे ठेवतात तो घुं घुं करणारा पत्र्याचा डबा. माझं काम म्हणजे डबा टेबलावर घ्यायचा, बटण फिरवून व्होल्टेज वरखाली करायचं, काटा बघायचा, डब्यात माहितीपत्रक कोंबायचं आणि वर 'पास' अशी छापलेली चिठ्ठी चिकटवायची. दिवसाला साठ डबे. तीन वर्षं मी हे करत होतो आणि जेवताना हाताला डिंकाचा वास यायचा. माझ्या टेबलासमोरच काचेचं पार्टिशन होतं. काचेपलीकडे डिझाइन सेक्शन. तिथली माणसं बसून विचार करायची, कागदावर रेघा मारायची, खोडायची, पुन्हा मारायची, आणि त्यांना कुणी विचारायचं नाही की आज किती रेघा झाल्या. मला तिकडे जायचं होतं. इतकी साधी आणि इतकी जिवाला लागलेली इच्छा मला आयुष्यात पुन्हा झाली नाही.

पण मी डिप्लोमावाला, आणि काचेपलीकडे सगळे डिग्रीवाले. दिवाळीनंतरच्या फेब्रुवारीत डिझाइनमधला एक जण आखातात गेला आणि एक खुर्ची रिकामी झाली. दोन दिवस मी त्या खुर्चीकडे बघत काटे चुकीचे वाचले. तिसऱ्या दिवशी धीर करून साहेबांसमोर उभा राहिलो. डिझाइनचे साहेब मूळचे पुण्याचे, बोलणं हळू आणि स्वच्छ, समोरच्याला बोलू देऊन त्याची गंमत बघणारे.

"तुम्ही घरी कॉम्प्युटर करताय असं ऐकलं," ते म्हणाले. "खरं आहे का?"

"हो सर. जवळजवळ झालाय." तो जवळजवळ काय, लांबलांबही झाला नव्हता.

"मग आणून दाखवा. माझ्या या टेबलावर चालला, तर डिग्रीचं काय करायचं ते मी वर बोलतो. मेअखेरपर्यंत ही खुर्ची मी कुणाला देत नाही."

मी काचेबाहेर आलो आणि थेट माझ्या टेबलाशी बसलो. त्या दिवशी मी साठऐवजी बहात्तर डबे पास केले. त्यातले किती खरोखर पास होते ते देवाला ठाऊक.

आता बनवण्याबद्दल. लोकांना वाटतं की अवघड भाग बुद्धीचा असतो. बुद्धीला तसं काही काम नव्हतं, सर्किट एका मासिकात छापून आलं होतं. त्या आकृतीत छपाईची एक चूक होती. ती पुढच्या अंकाच्या शुद्धिपत्रात दुरुस्त केलेली होती, आणि तो पुढचा अंक आमच्या स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर आलाच नाही. एवढ्यावर माझे पाच आठवडे गेले. सुट्या भागांसाठी मुंबईला जावं, तर दुकानदार विचारायचा, किती डझन? मी म्हणायचो, एक. मग तो माझ्याकडे, एकच केळं मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसा बघायचा आणि आतल्या माणसाला सांगायचा, हॉबीवाला आया है.

सोल्डरिंग करायचं तर इस्त्रीसारखी तापणारी ती कांडी आमच्या घरात एकाच ठिकाणी चालायची, स्वयंपाकघरात. बाकीच्या प्लगना अर्थिंग नव्हतं. म्हणजे माझं काम कुकरची दुसरी शिट्टी झाल्यावर सुरू व्हायचं आणि पोळ्यांची कणीक बाहेर आली की थांबायचं. चारशे-साडेचारशे टाके मी आईच्या ओट्यावर असे हप्त्याहप्त्यानं घातले. आमटीला रोझिनचा, म्हणजे सोल्डरमधल्या राळेचा, वास येतो अशी बाबांची तक्रार होती. ते जेवताना पान किंचित लांब सरकवायचे.

आणि आमच्या गावची हवा. एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्या संध्याकाळी काय सोडायच्या कोण जाणे, पण चांदी-तांब्याचं काहीही महिन्याभरात काळं पडायचं. चिपचे, म्हणजे प्रोसेसरसारख्या त्या काळ्या पट्ट्यांचे, पाय काळे पडले की कॉम्प्युटरला झटके यायचे. आईचं चांदीचं निरांजनही काळं पडायचं. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. ती रांगोळीनं निरांजन घासायची, मी खोडरबरानं चिपचे पाय. तिचं निरांजन माझ्या आधी चकचकीत व्हायचं.

पण खरा त्रास वेगळाच होता. जो येई तो एकच विचारी, "पण हा करतो काय?" मी सांगायचो, बेरीज करतो. मग पाहुणा समजूतदारपणे मान हलवायचा. एक मामा पुढच्या खेपेला माझ्यासाठी कॅल्क्युलेटर घेऊन आले, त्यांना वाटलं मला कुणी सांगितलं नाही की असं यंत्र निघालंय. डोंबिवलीत माणूस पेटी शिकेल, संस्कृतच्या परीक्षा देईल, गिर्यारोहण करेल, कुणी काही म्हणणार नाही. पण वस्तू बनवली तर ती उपयोगाची पाहिजे, नाहीतर शेजारी आईला हळूच विचारतात की मुलगा रात्री नीट झोपतो ना.

एप्रिल लागता लागता माझं यंत्र तयार झालं. उघडी पाटी, त्यावर वायरींचं जंजाळ, सोळा बटणं आणि लाल आकडे उमटणाऱ्या सहा खिडक्या. राहिला प्रोग्रॅम. तो एका खास चिपमध्ये भरून ठेवायचा असतो. या चिपच्या पाठीवर करंगळीच्या नखाएवढी गोल काच असते. प्रोग्रॅम एकदा भरला की वीज गेली तरी तो आत राहतो. चुकला तर मात्र सगळा पुसून नव्यानं भरावा लागतो, आणि पुसायचा तो त्या काचेतून अतिनील किरण सोडून. भरायचं यंत्र ठाण्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये होतं. तिथला शिकवणारा माझ्याच वयाचा, मी त्यांचे स्टॅबिलायझर नीट करून द्यायचो आणि तो मला शनिवारी दुपारी यंत्र वापरू द्यायचा. मी वहीतला प्रोग्रॅम एकेक आकडा दाबून चिपमध्ये भरला, घरी आणून लावला, आणि कॉम्प्युटर ढिम्म. वही तपासली तर एका ठिकाणी सातच्या जागी एक. माझंच अक्षर.

आता पुसायचं कसं? क्लासमधला पुसायचा दिवा बिघडलेला. "उन्हात ठेव की," तो म्हणाला. "उन्हात अतिनील असतातच. आठवडाभर कडक ऊन दे, साफ होईल."

ऊन म्हणजे गच्ची. आणि आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एप्रिल-मेमध्ये सत्ता होती ती तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची. त्या साठीच्या, नऊवारीतल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. सोळा बिऱ्हाडांचे उडदाचे पापड, कुरडया, सांडगे त्यांच्या देखरेखीखाली वाळायचे. कुठल्या कोपऱ्यात किती वाजता टाकीची सावली येते, कुठल्या पापडाला कोवळं ऊन चालतं आणि कुठल्याला बाराचंच लागतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. सोसायटीच्या सेक्रेटरीलासुद्धा त्या दिवसांत गच्चीवर चपला घालून जायची परवानगी नव्हती. मी चपला जिन्यात काढून वर गेलो.

"काकू, ही एक वस्तू आठवडाभर उन्हात ठेवायचीय."

"अगो बाई, गोम वाटली मला! काय रे हे?"

"कॉम्प्युटरची चिप आहे."

"आणि तिला ऊन कशाला?"

इथं मी थांबलो. खरं म्हणजे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. हिच्यात लिहिलेलं उन्हानं पुसलं जातं काकू, म्हणजे मग नवं लिहिता येतं. संपलं. पाटीवर पेन्सिलीनं लिहून ओल्या फडक्यानं पुसलेल्या कुठल्याही माणसाला ते समजलं असतं. पण माझ्या डोक्यात अतिनील आणि इलेक्ट्रॉन घुमत होते, समोर पिठानं भरलेले दोन हात होते, आणि मी मनाशी म्हणालो, यांना काय कळणार.

"ऊन दिलं की चांगली चालते," मी म्हणालो.

"असं होय," म्हणून काकूंनी तिला कुरडयांच्या शेजारी जागा दिली.

आठ दिवसांनी मी ती ठाण्याला घेऊन गेलो. क्लासवाल्यानं यंत्रात घालून बघितली. "अरे, ही पुसलेलीच नाहीये. कुठे ठेवलेलीस, कपाटात?" मी तणतणत परत आलो आणि थेट गच्चीवर गेलो. बघतो तर कुरडयांवर, पापडांवर, सगळ्यावर जुन्या धोतराचा पातळ फडका अंथरलेला. कावळ्यांसाठी. माझी चिप आठ दिवस त्या फडक्याखाली शांतपणे सावलीत पडून होती.

"काकू, झाकायचं नाही हो तिला!"

"आणि कावळ्यानं नेली म्हणजे?"

"नेली तर नेली. पण उघडी पाहिजे. आणि काचेची बाजू वर."

कारण त्या ती पापडासारखी दुपारी उलटीही करत होत्या, दोन्ही बाजू सारख्या व्हाव्यात म्हणून. काकूंनी मान डोलावली. त्यांनी कारण विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढचे दहा दिवस त्या फडका न घालता, हातात काठी घेऊन स्वतः तिथे बसल्या. कावळ्यांना त्यांनी माझ्या चिपपासून लांब ठेवलं, सोसायटीच्या पोरांना ठेवलं, सेक्रेटरीलाही ठेवलं. दहा दिवसांनी चिप कोरी झाली.

मी प्रोग्रॅम पुन्हा भरला. या वेळी एकेक आकडा बाबांना मोठ्यानं वाचायला लावून आधी तपासून घेतला होता. क्लासवाल्यानं बजावलं की आता काचेवर काहीतरी चिकटव, नाहीतर उजेडानं हळूहळू पुसेल. घरी चिकटणारं आणि गोल असं एकच होतं. आईच्या पाकिटातली मोठी मरून टिकली मी चिपच्या काचेवर लावली, ती बरोब्बर बसली, आणि मग बटण दाबलं.

सहा खिडक्यांत सहा शून्यं उमटली. मग शेवटच्या खिडकीत एक. मग दोन. सेकंद मोजत होतं ते. मी ओरडलो असेन, कारण आई हातात झारा घेऊन धावत आली. पाच मिनिटांत अर्धी बिल्डिंग आमच्या स्वयंपाकघरात होती. काकू सगळ्यात पुढे. मी बेरीज करून दाखवायची ठरवली आणि सत्तावीस अधिक अठ्ठेचाळीस दाबायला लागलो. मी दुसरा आकडा दाबून व्हायच्या आत काकू म्हणाल्या, "पंच्याहत्तर." थोड्या वेळानं यंत्रही तेच म्हणालं. सगळ्यांना बरं वाटलं, यंत्र बरोबर होतं.

"बघितलंस ना?" काकू आईला म्हणाल्या. "पहिल्यांदा झाकून ठेवली तर चालेना. मग दहा दिवस बाराचं ऊन दिलं, तेव्हा लागली चालायला."

आई म्हणाली, "तुमचाच हात लागला हो." मला आतून जरा झोंबलं. सहा महिने टाके मी घातले होते. पण मी नुसता हसलो. आज विचार करतो तेव्हा वाटतं, त्या खोलीत शास्त्रीय पद्धतीनं विचार करणारं माणूस एकच होतं. झाकली तर चालली नाही, उघडी ठेवली तर चालली. प्रयोग दोनदा केला, निष्कर्ष काढला. चुकीचं काही असेल तर ते त्यांच्या हाती दिलेलं पहिलं वाक्य होतं, आणि ते माझं होतं.

साहेबांनी मेचा शेवटचा सोमवार दिला, सकाळी दहा. त्याआधीचे दहा दिवस आम्ही कोकणात. चुलत बहिणीचं लग्न होतं आणि मी नाही म्हणून बघितलं, पण आईनं त्या विषयावर चर्चा ठेवली नव्हती. यंत्राची पाटी मी कागदात गुंडाळून पिशवीत भरली. चिप तेवढी सॉकेटमधून, म्हणजे तिच्या पाटीवरच्या खाचेतून, काढून, स्पंजच्या तुकड्यात तिचे पाय रोवून, एका स्टीलच्या डबीत ठेवली, कारण सॉकेटमध्ये राहिली तर पाय पुन्हा काळे पडले असते. डबी फळीवर. घराची किल्ली, तुळशीला पाणी घालायला, काकूंकडे.

परतीची एसटी महाडजवळ बंद पडली. रविवारी संध्याकाळी पोचायचे ते आम्ही सोमवारी सकाळी सातला घरी आलो. जिन्यातच काकू भेटल्या, किल्ली घेऊन उभ्या.

"आज तुझं साहेबाकडे काम ना रे? काही काळजी करू नकोस. मी रोज नीट बघितलंय."

मला वाटलं तुळशीबद्दल बोलतायत. "हो काकू, थँक्यू," म्हणून मी आंघोळीला पळालो. पंधरा मिनिटांत पिशवी आणि डबी घेऊन बाहेर पडलो.

दहा वाजता मी काचेपलीकडे होतो. साहेबांच्या टेबलावर मी कागद उलगडला, पाटी ठेवली, डबीतून चिप काढून सॉकेटमध्ये दाबली. डिझाइनमधले तिघं-चौघं आपापल्या पेन्सिली ठेवून भोवती आले. माझ्या टेस्टिंगच्या टेबलावरचे दोघं काचेबाहेरून बघत होते. मी बटण दाबलं.

सहाच्या सहा खिडक्यांत आठ उमटले आणि तिथंच राहिले. मी बंद करून पुन्हा चालू केलं. आठ. वायरी दाबून बघितल्या. आठ. मग चिप काढून पाय बघावेत म्हणून वाकलो, आणि मला दिसलं की टिकली हिरवी आहे.

आमच्या घरात हिरवी टिकली कुणी लावत नाही. हिरव्या लावायची ती काकूंची सून. माझ्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख उभं राहिलं. काकूंनी तुळशीला पाणी घातलं असेल. मग फळीवरची डबी उघडली असेल, मुलाचं एवढं नोकरीचं काम आणि ही अंधारात पडलीय म्हणून जीव हळहळला असेल. नखानं टिकली काढून, काच वर करून, दहा दिवस बाराच्या उन्हात, काठी घेऊन. शेवटच्या संध्याकाळी जुनी टिकली चिकटेना, तेव्हा सुनेच्या पाकिटातली नवी लावली असेल. रोज नीट बघितलंय, असं त्या म्हणाल्याच होत्या.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"सर, प्रोग्रॅम पुसला गेलाय. चिप उन्हात राहिली."

"कुणी ठेवली?"

"शेजारच्या काकूंनी. त्यांना वाटलं, ऊन दिलं की ती चांगली चालते."

एक जण मागे फिस्सकन हसला. साहेब हसले नाहीत. "असं त्यांना का वाटलं?"

इथं खोटं बोलता आलं असतं. पण मी इतका खचलो होतो की तेवढंही सुचलं नाही. "मीच तसं सांगितलं होतं."

"का?"

"त्यांना कळणार नाही असं वाटलं, सर."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आपला डबा जातो कुणाकडे?" ते म्हणाले. "अशाच एखाद्या काकूंकडे. त्यांना कळणार नाही असं धरून चालणारा माणूस मला इथे नको आहे. तसे माझ्याकडे आधीच चार आहेत." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "काम सुबक केलंय तुम्ही. वायरिंग तर फारच छान. पण तुम्ही टेस्टिंगलाच बरे आहात."

आमच्या डब्याबरोबर जे माहितीपत्रक जायचं ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत इंग्रजीत होतं, आणि ते साहेबांनीच लिहिलेलं होतं. दिवसाला साठ वेळा ते मी माझ्या हातांनी डब्यात कोंबत होतो. हे मला तिथं सुचलं असतं तर किती बरं झालं असतं. सुचलं ते घरी जाताना, आणि तेव्हाही उपयोग नव्हता, कारण साहेब खोटे असले तरी त्यांचं वाक्य खरं होतं.

त्या दुपारी मी अर्धा दिवस रजा टाकली. मे संपायला राहिलेल्या चार दिवसांत चिप पूर्ण कोरी करून, ठाण्याहून भरून आणणं शक्य नव्हतं आणि शक्य असतं तरी आता कुणी मागितलं नव्हतं. संबंध वाटभर मी काकूंना काय काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूला हात का लावता? न विचारता डबी का उघडलीत? तुम्हाला माहीत आहे का, तुम्ही माझं काय केलंत? एकेक वाक्य मी धार लावून ठेवलं. घरात गेलोच नाही, सरळ गच्चीवर चढलो. चपला काढल्या नाहीत, मुद्दाम.

काकू शेवटच्या पापडांची चळत करत होत्या. दोन दिवसांत वळीव येईल म्हणून सगळं आवरायची त्यांची गडबड चालली होती. मला बघून त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. माझ्या पायांतल्या चपलांकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. चेहरा असा, की जणू त्यांच्याच मुलाचा निकाल होता.

"काय रे? झालं काम?"

माझ्या तोंडात सगळी वाक्यं तयार होती. राग होता, अगदी होता. पण दहा दिवस उन्हात बसून त्यांचा चेहरा भाजून काळवंडला होता, ते दिसत होतं, आणि ते कशासाठी ते मला ठाऊक होतं. तेव्हा तरी बसून सांगायला हवं होतं की काकू, त्या चिपचं असं असतं. एक वाक्य. मला माझी इतकी लाज वाटत होती की मी पुन्हा तेच केलं.

"साहेब रजेवर होते," मी म्हणालो.

"म्हणजे दाखवायचंच राहिलं का? मग बरंच झालं की," काकू म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "पाऊस यायच्या आत अजून दोन-चार उन्हं मिळतील तिला. आण इकडे."

मी खिशातून चिप काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.